मारोती पायाकडे येऊ नये म्हणून

जावईबापू घनश्यामराव यांना उकंडाचा, नेरपर्यंत ऐकू जाईल असा रामराम. तुमची कंबर कशी आहे? सलोनीचा खोकला गेला का? इकडे तुमच्या सासूबाई बऱ्या आहेत आणि मी त्यांच्या हाताखाली आहे. तुमच्या इथल्या शेतातला नवा गोठाही ठणठणीत आहे.

आता माझं डोकं कशानं फिरलं ते ऐका. नाल्यापलीकडच्या कांताबाईच्या शेतात बैलगाडी जात नाही. बाई कापसाचं गठुडं डोक्यावर घेऊन पाण्यातून येते. गाडी जाईल अशी जुनी पांदण होती म्हणतात, पण कुठून, ते कोणी सांगेना. म्हणून मी कळंबच्या कचेरीतून इंग्रजांच्या वेळच्या नकाशाची नक्कल आणून पारावर पसरली. (चहा आमच्या घरचा. त्यामुळे गर्दी चांगली.) तर तुमच्या सासूबाई म्हणाल्या, नकाशातला मारोती आपल्या पायाकडे येतो, आणि नकाशा फिरवून मोकळ्या झाल्या. अक्षरं मोडी, ती उलटी काय अन् सुलटी काय, आम्हाला सारखीच.

झालं. नकाशात मारोती उत्तरेला आणि गावात दक्षिणेला. कोणाला नकाशाची शंका यावी? नाही. मधल्या काळात देवच हलवला असेल, असं ठरलं. संध्याकाळपर्यंत तो बैलांनी कसा ओढला तेही ठरलं, आणि त्यात प्रत्येकाच्या आज्याचे बैल निघाले. त्या हिशेबानं पांदण शोधत आम्ही प्रेमसिंगची उभी तूर तुडवली. तो पारावर भांडायला आला, जागा नव्हती म्हणून नकाशाच्या पलीकडे आमच्यासमोर बसला, आणि शिव्या देता देता थांबला.

"मामा, इकडून पाहा. मारोती जाग्यावरच हाय."

पांदण लगेच सापडली. कांताबाईनं नकाशावरून आपल्या शेतापर्यंत बोट नेलं आणि मला विचारलं, "भाऊ, यंदा गाडी जाईन नं?" मी भर पारावर बोलून बसलो, की मध्ये कोणाचंही काही येवो, ते निघेल, माझ्या नातेवाइकाचं असलं तरी निघेल.

सलोनीला आशीर्वाद.

तुमचा सासरा,
उकंडा

ता. क. नातेवाईक म्हणजे तुम्ही. पांदण तुमच्या गोठ्याच्या दारातून शिरते आणि मागच्या भिंतीतून निघते.

आणखी ता. क. जावयाकडे मागू नये, हे मला कळतं. म्हणून नवा गोठा आमच्या आवारात मीच बांधून देतो. (दार कोणत्या दिशेला, ते प्रेमसिंगला विचारू.) पण लवकर या. कांताबाईनं गाडी आणून उभी केली आहे, आणि तोवर तिचे बैल तुमच्याच गोठ्यात बांधले आहेत.