ताईचा मुखवटा

प्रिय ताई,

तुझा पत्ता कुणाकडेच नाही, तरी लिहितोय. आजी गेली. नव्वदी ओलांडली तरी वरच्या खोलीत एकटीच राहून नाटकांचे मुखवटे करायची. कुणी "आता पुरे" म्हटलं की म्हणायची, "माझे हात काय तुझ्या बापाचे आहेत?"

तू तिच्याशी भांडून गेलीस, त्यानंतर तिनं कागदाच्या लगद्याचा तुझा मुखवटा केला. दर वर्षी तो खाली काढून ओला करायची आणि तुझं वय वाढवायची.

"यंदा कपाळाला एक आठी देऊ. रागीट आहे कार्टी."

"आजी, ती खरंच अशी दिसत असेल?"

"चुकलं असेल तर तिनं येऊन सांगावं की!"

काल दुपारी त्या खोलीत बसलो होतो. भिंतीवरचे राजे, राक्षस, पऱ्या वाऱ्यानं हळूहळू माना हलवत होते. तुझा मुखवटा मांडीवर घेतला. केसांत पांढरा रंग, हनुवटी ताठ. बघता बघता मला कळेना, ही तू की आपल्या लहानपणची आजी.

ताई, चूक काढायला तरी ये.

तुझा,
धाकटा