सवतीचा टाक

२९ एप्रिल, नाशिक
देवळाली कॅम्पातून गंगापूर रोडला आले. तसं अंतर काहीच नाही, पण सासर ते सासर! घर छान आहे, हवेशीर, मागे शेवग्याचं झाड. परवा पहाटे आम्ही दोघं गाडीने निघतोय, आधी पेंच आणि मग ताडोबा. लोक हनिमूनला महाबळेश्वरला जातात आणि आमचे रविराज भर उन्हाळ्यात वाघ बघायला. उन्हाळ्यातच जनावर पाण्यावर येतं, असं त्यांचं म्हणणं. मी आजवर वाघ फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. जाम हरखलेय.

संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्याने टाक बांधला. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर बाईचा उठावाचा चेहरा. मी दुसरेपणाची, म्हणून पहिलीला, सायलीला, असं गळ्यात वागवायचं आणि जेवताना पहिला घास तिच्या नावाने ताटाबाहेर ठेवायचा. सासूबाई सटाण्याकडच्या. म्हणाल्या, "स्नेहल, तिले इसरू नको. ती बी ह्याच घरनी शे." तीही ह्याच घरची आहे, खरंच. मी मान डोलावली. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेलेल्या बाईशी मी कशाला वैर धरू?

१ मे, सिल्लारी, पेंच
सिन्नरजवळ समृद्धीला लागलो आणि गाडी सुसाट सुटली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन्हीकडे रापलेला माळ. सगळं मजेत होतं. फक्त माझी सीट पार मागे सरकवलेली होती, पाय पोचेनात. सायली उंच होती म्हणे. मी सीट पुढे ओढली. तर रविराज सुरूच झाले. या धाब्यावरचा चहा तिला आवडायचा, गाणी तिने निवडलेली, दुर्बीण तिची. दर उन्हाळ्यात दोघं एका तरी जंगलात जायचेच. हनिमून माझा आणि कौतुक तिचं! जळफळाट झाला माझा. झाला तर झाला, लपवायचं कशाला? जेवताना तिचा घास तेवढा काढून ठेवला, पण लहानसाच.

३ मे, मोहर्ली, ताडोबा
आमचा गाइड गोटीराम रविराजांना जुना ओळखतो. आल्या आल्या त्याने सायलीवहिनींची आठवण काढली. त्यांना नुसत्या आवाजावरून पाखरू कळायचं म्हणे. मी सांबराला नीलगाय म्हटलं तर दोघेही हसले. मग पाणवठ्यावर वाघीण आली आणि मागचे पाय पाण्यात सोडून निवांत बसली. मी रविराजांचा हात धरला. ते वाघिणीकडे बघत पुटपुटले, सायली असती तर वेडी झाली असती.

बस्स. उन्हाने तो टाक छातीला चटके देत होता. जिप्सीतल्या सगळ्यांचे डोळे वाघिणीवर होते. मी हिसका देऊन दोरा तोडला आणि टाक पाण्यात भिरकावला. वाघिणीने मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं.

दुपारी घासही काढला नाही. पोटभर जेवले. लग्न झाल्यापासून इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

४ मे, मोहर्ली
सकाळी गाडीत बसले तर पाय पोचेनात. सीट पुन्हा मागे. मी पुढे ओढली, नाश्ता करून आले, तर परत मागे! रविराजांनी हातसुद्धा लावलेला नाही. सीट ओली होती आणि तिला तळ्यातल्या चिखलाचा वास येत होता.

फाटकावर गोटीरामने हसून नमस्कार केला आणि वहिनी, लय दिवसांनी आलात, असं म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून. मला वाटलं रविराज त्याला झापतील. ते लाजल्यासारखे हसले.

५ मे
कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. वाघीण आहे, गोटीराम आहे. माझी पिवळी ओढणी आहे, पण ती एका उंच बाईच्या खांद्यावर आहे. रविराजांना दाखवला. तुझा छान आलाय, म्हणाले. तुझा!

भांडले, रडले, त्यांची बाही ओढली. ते बॅग भरत राहिले, जणू खोलीत कुणी—

६ मे, परतीच्या वाटेवर
मी मागे बसलेय. पुढून मला कधी उठवलं, आठवत नाही. पुढची सीट पार मागे, माझ्या गुडघ्यांवर दाबलेली. त्यावर ओले केस. रविराज इतके मोकळे हसताना मी कधीच—

त्यांचा हात तिच्या हातावर आहे. माझा नवरा आहे तो. माझा! घसा फुटेस्तोवर ओरडले. बाहेर वारा फार घोंगावतोय, रविराज तिला म्हणाले, आणि काच वर केली.

७ मे, नाशिक
सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला. तिच्यावरून. मी शेजारीच उभी होते, माझ्यावरून नाही—

दुपार. पानं वाढलीत. माझं पान नाही. तिच्या गळ्यात काळा दोरा, त्यात नवा टाक. गोल चेहरा, अरुंद कपाळ. हे तर मी—

सासूबाई तिला समजावतायत, स्नेहलले इसरू नको, ती बी ह्याच घरनी शे.

भूक लागलीय. फार भूक. तिने पहिला घास उचलला. माझा आहे तो, माझ्या नावाचा. ताटाबाहेर ठेवता ठेवता थांबली. माझ्याकडे पाहिलं. तिला मी दिसते! हसली, आणि घास तिने स्वतःच्या तों—