कोहमाऱ्याची डिझेल गाडी

१६ जानेवारी १९५८, गुरुवार

यांचा हात मोडला! सकाळी गाडी चालू होईना म्हणून समोरून हँडल मारत होते. इंजिनानं उलटा झटका दिला, हँडल फिरून मनगटावर बसलं. मी चुलीपाशी होते, हाड मोडल्याचा आवाज नाही पण यांची हाक ऐकली. गोंदियाच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. उजवाच हात. होळी होईपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही म्हणे.

हे म्हणाले, "स्टेअरिंग घेऊन का करू? इंजिनच गेलं."

देवरीच्या चढावर परवा पाणी उकळलं तेव्हाच इंजिनाच्या ब्लॉकला चीर गेली होती. मला सांगितलं नव्हतं.

१९ जानेवारी

गाडी अंगणात उभी. सैन्याच्या लिलावातली जुनी शेवरलेट पिकअप. आमच्या लग्नानंतर वर्षभरात आली. चिचगडकडून मोह, लाख, हिरडा आणायची, जाताना मीठ-रॉकेल न्यायची. कधी एखादी अडलेली बाईसुद्धा. तिचा ब्लॉक आता कुठं मिळत नाही, आणि मिळाला तरी पेट्रोल पिते नुसती.

यांचा दोस्त मनिराम आला होता. भिलाईत लोखंडाचा कारखाना बांधून राहिले, तिथं ड्रायव्हर आहे. "शालीकराम, हात बरा झाला का चाल माझ्यासंग. खोली मिळते. वहिनीले मागाहून बोलाव."

मागाहून म्हणजे कधी? मनिरामला चहा दिला. दुसऱ्या कपाचं विचारलं नाही.

१ फेब्रुवारी

आज हे हसले! गोंदियाला केवळरामजींची आरा मशीन आहे, लाकूड चिरायची. तिला आता वीज लागली. जुनं डिझेल इंजिन रिकामं पडलं आहे. चार सिलिंडरचं, विलायती, जोरात फिरणारं — गाडीत चालेल असं. केवळरामजी म्हणाले, घेऊन जा, बदल्यात माझी लाकडं वाहा. पण तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी, म्हणजे मे लागायच्या आत, गाडी चालली पाहिजे, नाही तर इंजिन परत.

मी विचारलं, "पेट्रोलच्या गाडीत डिझेल बसते?"

"बसवलं का बसते."

७ फेब्रुवारी

गोंदियाच्या मिस्त्रीनं नाही म्हटलं. "चेसिस फट जाएगा." दुसऱ्यानं तर गाडी बघितलीही नाही. हे घरी येऊन प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून बसले.

मी म्हटलं, तुम्हाला येतं ना? सैन्यात तेच तर केलं. तुम्ही सांगा, मी करते.

आधी हसले. मग माझ्या हातांकडे बघितलं. मग हसले नाहीत.

१० फेब्रुवारी

जुनं इंजिन उतरवलं. आंब्याच्या जाड फांदीला साखळी-कप्पी बांधली, शेजारची नंदाबाई आणि तिचा नवरा ओढायला आले. बोल्ट मी खोलले. एक जाम होता. पान्यावर पाय देऊन उभी राहिले तेव्हा सुटला. हे ओरडत होते, "उलटा! डावीकडं! अवो, तुझ्या डावीकडं!"

लुगड्याला ग्रीस लागलं. निघत नाही.

१२ फेब्रुवारी

मामाजींनी बघितलं. मी गाडीखाली पडलेली, पाय बाहेर रस्त्याच्या बाजूनं. सासरे माझ्याशी समोरासमोर बोलत नाहीत, बैलाला म्हणाले, "आपल्या घरान्यानं गावोगाव तलाव बांधले. आता घरची सून हायवेवर गाडीखाली झोपून राहिली. लोक का म्हनतीन?"

बैल काय बोलणार! मी पदर ओढला आणि तशीच पडून राहिले. हातात नट होता, सोडला असता तर हरवला असता.

संध्याकाळी त्यांनी आपली खाट उचलून मागच्या बाजूला नेली. अंगण दिसू नये म्हणून.

२० फेब्रुवारी

खरी अडचण कळली. गिअरबॉक्स शेवरलेटचा, इंजिन दुसऱ्याचं. दोघांची तोंडं जुळत नाहीत, बोल्टची भोकं एकाची इथं, दुसऱ्याची तिथं. मधे जाड लोखंडी पाटा पाहिजे. एका बाजूची भोकं गिअरबॉक्सची, दुसऱ्या बाजूची इंजिनाची.

मी ब्लाऊज शिवते तसा कागदाचा नमुना घेतला. कडेला ग्रीस लावून कागद दाबला, भोकं उमटली. दोन कागद, एकावर एक. हे बघत राहिले. "हे कोणी शिकवलं?" नंदाबाईच्या ब्लाऊजच्या बाह्यांनी!

२५ फेब्रुवारी

नमुना घेऊन आम्ही दोघं गोंदियाला. तिथं जागेश्वर लेथवर लोखंड कातून देतात, म्हातारे आहेत, हिंदीच बोलतात. कागद उलटासुलटा केला. "बहनजी, किसने काटा?" हे म्हणाले, "घर में काटा." एवढंच.

६ मार्च

होळी झाली. प्लास्टर निघालं. हात बारीक झाला आहे, बोटं वळत नाहीत. लिंबू दाबायला दिला, दाबला गेला नाही. मी बघितलं नाही असं दाखवलं.

१४ मार्च

पाटा आला, बसवला, इंजिन चढवलं. बॅटरी दोन जोडल्या, कारण डिझेलला फिरवायला जोर लागतो. पेट्रोलची टाकी धुऊन काढली. प्लग-बिग काही नाहीत — डिझेल नुसतं दाबानं पेटतं म्हणे. मला अजून नवल वाटतं.

मग नळ्यांतली हवा काढायची. नट ढिला करायचा, आधी फेस येतो, फेस संपून सलग धार आली की आवळायचा. माझ्या तोंडावर उडाली. चव घाण!

हे म्हणाले, बस आत, स्टार्टर दाब.

मी दाबलं. खडखड, खडखड… आणि मग धाड! पांढरा धूर, आणि असा आवाज की नंदाबाईच्या कोंबड्या छपरावर. चालू झालं! मी ओरडले. हे डाव्या हातानं बॉनेट थोपटत होते. बंद करायला मी चावी फिरवली — बंदच होईना! पेट्रोलसारखं चावीनं नाही थांबत ते. हे धावत आले, पंपाचा खटका हातानं ओढला तेव्हा थांबलं. सगळे हसत होतो.

मग पुन्हा चालू करून गिअर टाकला. कर्रर्र असा आवाज. पुन्हा टाकला, तोच. गिअरबॉक्स भुंग्यासारखा घूं घूं करत होता. पाहता पाहता इतका तापला की हात ठेववेना.

पाटा चुकला.

१५ मार्च

काही लिहायचं नाही.

१८ मार्च

मनिराम पुन्हा आला. हे त्याला म्हणाले, "महिन्याअखेर येतो." माझ्यासमोर म्हणाले.

तो गेल्यावर मी विचारलं, "हे का करून राहिले तुम्ही? एकदा चुकलं म्हणून?"

"तुले का समजते यातलं, कुंदा? हात असा. इंजिन केवळरामजींचं. कितीदा खोलणार?"

"जितकेदा लागंन तितकेदा."

"आणि मी भिलाईले गेलो तर?"

"तर मी एकटी खोलीन. चूक कागदात होती, कागद माझा होता."

ते उठून बाहेर गेले. मी रडले, पण भांडी घासताना. त्याला रडणं म्हणत नाही.

२१ मार्च

पाडवा. गोड केलं. दुपारी हे स्वतःच म्हणाले, "कप्पी कुठं ठेवली?"

२४ मार्च

चूक सापडली! आम्ही भोकांवरून मधला बिंदू धरला होता. पण भोकं म्हणजे कडा. आणि ग्रीसनं ओला झालेला कागद ताणला जातो, हे मला माहीत असायला पाहिजे होतं — ओलं कापड ताणलं जातंच की. इंजिनाचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका सरळ रेषेत पाहिजेत, कडा कशाही असोत. म्हणजे आधी मध्य पकडायचा, मग भोकं.

हे बोलत होते, मी ऐकत होते, दोघांच्या तोंडून एकदमच आलं, "मधून!"

गाडी बैलगाडीत घालून नेता येत नाही, म्हणून इंजिनाचं मागचं तोंड आणि गिअरबॉक्स सोडवून तेच घेऊन गोंदियाला गेलो. जागेश्वर म्हातारे या वेळी कागद नाही, लोखंडच मोजत होते. "आधा सूत का फरक था, बहनजी. आधा सूत बहुत होता है." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

२ एप्रिल

नवा पाटा. हात काळे, नखं गेली. समोरची स्प्रिंगची कमान खाली बसली होती, डिझेल इंजिन जड असतं म्हणून. तिच्यात आणखी एक पट्टी घातली. गाडी पुन्हा सरळ उभी राहिली.

५ एप्रिल

चालली!!

आवाज मोठा, धक्के खूप, पण गिअर लोण्यासारखा. यांनीच चालवली, हात अजून दुखतो पण स्टेअरिंग धरतो. मी बाजूला. देवरीचा तोच चढ आला. पूर्वी इथं पेट्रोल इंजिन रडायचं, उतरून दगड लावावा लागायचा. आता गाडी खाली मान घालून सावकाश चढली. सावकाशच, पण थांबली नाही. पाणी उकळलं नाही. वर पोचल्यावर यांनी गाडी थांबवली, बंद केली नाही. "ऐक," म्हणाले. दोघं ऐकत बसलो.

मोह पडायला लागला आहे. सगळ्या रानाला तोच वास.

९ एप्रिल

केवळरामजींची पहिली खेप गेली. ते गाडीभोवती फिरले, वाकून खाली बघितलं, "चांगलं काम," म्हणाले. भिलाईचं नाव घरात कोणी काढलं नाही. मनिरामला यांनी निरोप पाठवला — येत नाही.

१३ एप्रिल

ढाब्यावर सगळे ड्रायव्हर गोळा झाले होते म्हणे. नंदाबाईच्या नवऱ्यानं येऊन सांगितलं. कोणी विचारलं, इंजिन कोणी बसवलं? हे म्हणाले, "मीच बसवलं, एका हातानं."

आज भाजीत मीठ टाकलं नाही. हे गपचूप जेवले.

१४ एप्रिल

आजपण नाही.

१६ एप्रिल

रात्री जेवताना हे म्हणाले, "मीठ विसरून राहिली तू." मी म्हटलं, विसरत नाही.

हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. "लोक हसले असते, कुंदा. बायको बसवते म्हणून." मग म्हणाले, "मीच हसलो होतो पहिल्यांदा."

मी मीठ आणून दिलं.

२० एप्रिल

हे काल भंडाऱ्याला जाऊन गाडीच्या पुस्तकात इंजिनाचा नवा नंबर चढवून आले. आता कायदेशीर डिझेल गाडी. मी अंगण झाडलं, गाडीखाली पडलेला प्रत्येक वायसर उचलला. मामाजींची खाट अजून मागेच आहे.

२६ एप्रिल

आज दुपारी हे चिचगडकडं खेपेला गेले होते. दरेकशाकडून एक माणूस आला, सोबत पेट्रोलचीच पिकअप, दोरीनं ओढून आणलेली. मामाजी पुढच्या बाजूला उभे होते. त्यानं विचारलं, "डिझेल बसवून देनारा मिस्त्री कुठं आहे?"

मी दाराआड, पदर डोक्यावर. वाटलं, म्हणतील, गेला आहे, उद्या या.

मामाजी म्हणाले, "मिस्त्री नाई. आमची सून आहे. बसा, मी बोलावतो."