माझं स्पॅनिश कच्चं आहे

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिलं आणि पेन खाली ठेवून चहा करायला उठले. खोडून टाकायचा विचार होता. पण लहानपणापासून तुला लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर हा शब्द आहे, तेव्हा राहू दे. पुढचं काही गोड लागणार नाही. वहिनीला वाचून दाखवायच्या आधी एकदा एकटा वाच.

तू पाठवलेला कागद काल दुपारी मिळाला. नीट टाइप केलेला, खाली माझ्या सहीसाठी कोरी जागा, आणि तिथे पेन्सिलीने मारलेली बारीक फुली. ती फुली तुझीच. शाळेत असताना माझं प्रगतिपुस्तक आईपुढे ठेवायचास तेव्हाही अशीच फुली मारून द्यायचास. सोबतच्या चिठ्ठीत शेवटची ओळ: सोमवारच्या आत हवा, बाकी फोनवर बोलू. फोनवर मी बोलणार नाही. फोनवर तू बोलतोस आणि मी हं हं करते, हे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे.

गंमत बघ, त्याच संध्याकाळी चिमणीचा फोन आला. आत्या, बाबा हो म्हणाले, मी स्पॅनिशच घेतेय. तुझी लेक आनंदाने किंचाळत होती. तू तिला म्हणे फायद्यांची यादीच करून दिली आहेस. किती देशांत ही भाषा चालते, कारखान्यांना, दवाखान्यांना, विमान कंपन्यांना अशी माणसं कशी मिळत नाहीत, घरबसल्या अनुवादाचं काम कसं मिळतं. शेवटी लिहिलंस, आत्याकडे बघ. ती एकेक मुद्दा वाचत होती आणि माझ्यासमोर टेबलावर तुझा तो कागद पडला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, दादा. पोरीला काय सांगणार? छान, छान म्हटलं आणि ठेवला फोन.

मी स्पॅनिशचा अर्ज भरला तेव्हा ही यादी कुठे होती? बाबा दुकानात घड्याळ उघडून बसले होते. त्यांनी डोळ्याचं भिंगही न काढता विचारलं, तुला आवडतं का? मी हो म्हटलं, त्यांनी सही केली. स्टुलावर बसून नाक मुरडत होतास तो तू. पोपटाला पदवी देतात का, म्हणालास. पुढची तीन वर्षं घरी कोणी आलं की, ही ना, ही अजून शिकतेच आहे, म्हणून विषय बदलायचास. आमच्या वर्गात अकरा जण होतो, शेवटी सहा उरलो. आमच्या बाई रोज सकाळी परदेशी रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या लावायच्या आणि थांबायच्या नाहीत. बातम्या देणारा बोलत असतानाच आम्ही ते आपल्या भाषेत बोलायचं. पहिले दोन महिने मी रडत घरी यायचे. मग एक दिवस कान आणि तोंड आपापलं काम करायला लागले. त्या दिवशी मी घरी पेढ्यांचा पुडा आणला. तू दोन खाल्लेस आणि विचारलंस, नोकरी लागली का?

लागली की. आधी औषधांच्या खोक्यातले घडीचे कागद, मग पाण्याच्या पंपांची जाडजूड पुस्तकं, मग दवाखान्यात डॉक्टर आणि पेशंट यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसायचं. पाय रोवायला सहा वर्षं लागली. आणि तुमच्या खोक्यांच्या कारखान्याने ते पुठ्ठा कापायचं मोठं मशीन परदेशातून मागवायचं ठरवलं, तेव्हा साहेबांपुढे छाती फुगवून कोण म्हणालं, दुभाषी माझ्या घरातलाच आहे? त्या मशीनच्या जोरावर तू मॅनेजर झालास. मला आनंदच झाला होता, खोटं नाही बोलत.

आता त्या मंगळवारचं लिहिते. तुला सगळं आठवतं, हे मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुझ्या कागदावर तो मंगळवार वेगळाच छापला आहे.

मशीन बसवून महिना झाला होता आणि त्यांचा तो झुपकेदार मिशांचा तंत्रज्ञ तपासणीला आला होता. मशीनच्या जाळीचं दार उघडलं की ते आपोआप थांबतं. तुमचं काम त्यामुळे खोळंबत होतं, म्हणून तुम्ही त्या दाराच्या खटक्यावर एक चुंबक चिकटवलं होतं, फ्रिजवर लावतात तेवढंसं. मशीनला वाटायचं दार बंदच आहे. मिशाळ माणसाने ते बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. तो बोलला, मी बोलले. आमच्या कामाची रीत तुला माहीत आहे, ‘तो म्हणतोय’ असं म्हणायचं नसतं, जो बोलतो त्याच्या जागी उभं राहून ‘मी’ म्हणायचं. मी तुझ्याकडे बघून म्हटलं, हे चुंबक मी आत्ता काढायला सांगतो आहे, नाहीतर इथे कोणाचा तरी हात जाईल. बाई असून ‘सांगतो’ म्हणते म्हणून तुझे दोघे सुपरवायझर फिदीफिदी हसले. तूही हसलास. मग म्हणालास, आजच काढतो. आणि मी त्याच्याकडे वळून त्याच्या भाषेत म्हटलं, मी आजच काढतो. दादा, तुझा शब्द माझ्या तोंडून गेला आहे.

त्या मशीनवर काम करणाऱ्या कारागिराला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो जेवणाच्या सुट्टीत शब्दकोडी सोडवतो. तो त्या वेळी पलीकडे होता, आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही. निघताना त्याने मला विचारलं, ताई, त्यांच्या भाषेत आभार कसे मानतात? मी सांगितलं. त्याने ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून घेतलं आणि दारापर्यंत जाऊन त्या पाहुण्याला म्हणून दाखवलं. अक्षर सुरेख होतं. त्याच उजव्या हाताची तीन बोटं चार महिन्यांनी गेली. चुंबक जिथल्या तिथे होतं.

मी त्याला बघायला गेले होते, हे तुला सांगितलं नव्हतं. तू गेला नाहीस, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. त्याने विचारलं, ताई, तो पाहुणा त्या दिवशी मशीनकडे बोट दाखवून काय म्हणत होता? मी मूग गिळून बसले. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम आहे, असं जिना उतरताना स्वतःला समजावलं. खरी गोष्ट ही की तेव्हा मला नियम नाही, तू आठवत होतास. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. तुझ्यावरचा निम्मा राग खरं तर तिथला आहे.

आणि आता अपघाताच्या चौकशीसाठी तू लिहून मागतोस की त्या मंगळवारी मी चुकीचं भाषांतर केलं. तंत्रज्ञाने चुंबक लगेच काढायला सांगितलं, पण मी ‘पुढच्या तपासणीपर्यंत राहिलं तरी चालेल’ असं कळवलं, कारण ‘तांत्रिक विषयातलं माझं स्पॅनिश कच्चं आहे’. हे वाक्य तू स्वतः बसून रचलंस? वर चिठ्ठीत, तुझं काय जातंय, तुला कामं मिळतील, माझी मात्र नोकरी जाईल. माझं काय जातं ते ऐक. हा कागद गेला की मला कुठलाही दवाखाना, कुठलाही कारखाना उभं करणार नाही, आणि करूही नये. ज्या पदवीला तू पोपटाची म्हणालास, तिच्या जिवावर मॅनेजर झालास, तीच आता कच्ची ठरवून सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडतो आहेस. आणि तिचेच फायदे लेकीला लिहून देतोस. एकाच हाताने दोन्ही कागद कसे लिहिलेस रे?

तुझी नोकरी जाईल, हे मला समजतं. आईच्या औषधांचं, चिमणीच्या कॉलेजचं मलाही समजतं. ते आपण दोघं बघू, मी आहे. पण मास्तर बरा झाला तरी पेन धरू शकणार नाही, आणि त्याला आजही वाटतं की हात आत घातला ही आपलीच चूक.

तुझा कागद सही न करता परत पाठवते आहे. फुली खोडलेली नाही. सोमवारी अकरा वाजता चौकशी अधिकाऱ्याने मला बोलावलं आहे. मला विचारलं जाईल आणि मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगेन, त्याचंही आणि तुझंही. हे पत्र ओळखीच्या माणसाच्या हाती देते आहे, म्हणजे ते शुक्रवारीच तुला मिळेल. मधे शनिवार, रविवार आहे. मास्तरच्या घरी जा, त्याच्यासमोर बस आणि आजच काढतो म्हणालो होतो, काढलं नाही, हे तुझ्या तोंडाने सांग. मग अधिकाऱ्याकडेही माझ्या आधी तूच जा. तू आधी बोललास तर सोमवारी मला तुझ्या जागी उभं राहून ‘मी’ म्हणावं लागणार नाही. एवढ्यासाठीच हे लिहिलं.

तुझीच,
धाकटी