मस्कतहून आलेले बूट

पनवेल, जानेवारी २०१६

प्यारे अब्बा, सलाम.

तुम्ही तिकडे सगळ्यांना सांगता, यूम्ना सर्जन होतेय. आठ महिन्यांपूर्वीच मी ते सोडलं. आता बऱ्या न होणाऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं हलकं करायला शिकतेय. अम्मी म्हणाली, अब्बांना इतक्यात सांगू नको.

आज उरणला बुधाजी कोळ्यांकडे गेले होते. दारातच त्यांच्या बायकोने, सोनाबाईंनी, हात धरला. "त्यांना कॅन्सरचं नाव सांगू नको, बाय." आत बुधाजी जाळं विणत कुजबुजले, "मना ठाव हाय. तिला नको सांगू."

पूर्वी मी दोघांनाही हो म्हणून सटकले असते. आज बुधाजींना विचारून सोनाबाईंना आत बोलावलं आणि गप्प बसले. गप्प बसायला शिकण्यातच माझे सहा महिने गेलेत! शेवटी बुधाजीच बोलले. सोनाबाई म्हणाल्या, "मंग आपून दोगं येगळे येगळे कशाला रडत व्हतो?" दोघं हसले. मला भाकरी-सुकट खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

घरी येऊन बूट काढताना थबकले. ईदला तुम्हीच पाठवलेले, जाड तळव्याचे, चालायचे. सर्जनला दारोदार कुठे चालावं लागतं, अब्बा?

हे पत्र पाठवत नाही. जुम्म्याला तुम्हाला सुट्टी असते. फोन करेन आणि आधी गप्प बसेन.

तुमची,
यूम्ना