झोपाळू मामाची शिकवणी

प्रिय मामा,

आईने गळ घातली म्हणून तू मला गणित शिकवायला बसायचास आणि पहिल्याच उदाहरणाला घोरायला लागायचास. मी हलवलं की विचारायचास, "कुठे होतो आपण?" मग मलाच सगळं पहिल्यापासून तुला समजावून सांगावं लागायचं.

आता मीही शिकवण्या घेते. आज एक मुलगी अडली, तेव्हा मी मुद्दाम डोळे मिटले.

"बाई, झोपलात काय?"

"अगं बाई! कुठे होतो आपण?"

ती चिडून पहिल्यापासून सांगू लागली आणि सांगता सांगता तिलाच उत्तर सापडलं.

शेजारची पोरं हल्ली तुझ्याकडे येतात म्हणे. म्हणूनच हे पत्र टाकत नाही. आपण चांगले शिक्षक आहोत हे कळलं, तर तू जागा राहून शिकवशील आणि बिचाऱ्यांचं वाटोळं करशील.

तुला उठवून उठवून शिकलेली,
भाची