एडनासाठी नवा कॅमेरा

१ मार्च
नवा कॅमेरा घ्यायचा नाही. ठरलं!

२ मार्च
की घ्यावा?

५ मार्च
हूड कॅनाल नावाच्या खाडीच्या तळाशी एका कपारीत एडना अंडी राखत बसलीय. ऑक्टोपस. आमच्या डायव्हिंग क्लबची लाडकी बाई. छतातून अंड्यांच्या पांढऱ्या माळा लोंबतात आणि ही त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडत राहते. खात काही नाही. पिल्लं बाहेर पडली की मरते. ते पिल्लांचं निघणं मला टिपायचंय. एक तरी फोटो असा हवा, की क्लबच्या स्लाइड-शोत कायम जांभया देणारी डेलोरिस जांभई द्यायची विसरेल!

माझा जुना छोटा कॅमेरा तिथल्या अंधारात जे काढतो, त्याला हार्लन 'ओलं गवत' म्हणतो. हार्लन म्हणजे नवरा, आणि पाण्याखालचा जोडीदारही – आमच्याकडे एकट्यानं खाली जात नाहीत. तो दिवा धरतो. मी फोटो बिघडवते.

११ मार्च
दुकानात गेले. नुसतं बघायला.

"तुमची पातळी काय?" पोरगेल्या विक्रेत्यानं विचारलं. साठ फूट, म्हणाले. तो फोटोग्राफीबद्दल विचारत होता.

२३ मार्च
पाण्यातून बाहेर आलो. बोटं निळी. गाडीच्या डिकीवर बसून हातमोज्यांत थर्मासचं गरम पाणी ओतलं, वर शिंपल्यांचं सूप प्यायलो.

मी – "लेन्स बदलता यायला हवी."
हार्लन – "अगं, आहे त्याचं माहितीपत्रक अजून प्लॅस्टिकमधून काढलेलं नाहीस."
"ती एडना उपाशी बसलीय तिथे!"
"तुझ्या कॅमेऱ्यासाठी नाही बसली, बाई."

९ एप्रिल
कॅमेऱ्यांच्या तुलनेचे व्हिडिओ बघतेय. एडनानं महिनोन् महिने घास घेतलेला नाही, आणि मी मूठ रबराची असावी की धातूची यावर अख्खी दुपार घालवली. आईपण तिचं, कळा मला.

२ मे
घेतला!! कॅमेरा, पाण्याखाली तो ठेवायची घट्ट बंद पेटी, दोन दिवे, हात पसरलेला भलामोठा सांगाडा. हार्लननं प्रदक्षिणा घातली. "याला गाडीत पुढे बसवायचं की मला?"

१९ मे
संध्याकाळी खाली होतो. एडना पार पांढरी पडलेली, कातडी सैल. आणि तिनं जोरात फवारा मारला – पिल्लं निघाली! तांदळाच्या दाण्याएवढी, प्रत्येकाला डोळे, प्रत्येकाला पाय, थवेच्या थवे दिव्याच्या झोतातून वर चाललेले.

मी डोळा लावला. काळोख. बटणं फिरवली. काळोख.

लेन्सवरची टोपी. पेटी बंद करण्याआधी काढायचीच राहिली. आणि पाण्याखाली पेटी उघडता येत नाही. जुन्याला टोपी नव्हतीच – चालू केला की आपोआप डोळा उघडायचा, माझ्यासारख्यांसाठीच बनवलेला.

हार्लन दोन्ही हातांनी दिवा धरून होता. झोत जराही हलू देत नव्हता. मान हलवून विचारत होता – मिळतंय ना? मग काय करणार! मी दाबत राहिले. खटखट खटखट. टोपीच्या आतल्या बाजूचे इतके फोटो जगात कुणाकडे नसतील.

वर आल्यावर म्हणाला, "डेलोरिस मेली आता! जांभई कसली देते!"

मी म्हटलं, हं.

२० मे
"कसे आलेत?"
"निवडतेय."

२१ मे
क्लबमधून निरोप. एडना गेली. कपारीबाहेर पडली होती, खेकडे जमले होते.
डेलोरिसनं फुलं पाठवायची का विचारलं. थट्टेत नाही.
हार्लनला टोपीचं उद्या सांगते. नक्की.

२२ मे
मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, पॅनकेक उलटता उलटता, "आता मी पाण्यात येणार नाही. कानाच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीतच बंद करायला सांगितलं होतं. डावा तर गेल्यातच जमा आहे."

"मग इतके दिवस कशाला येत होतास?"

"तुझा फोटो व्हायचा होता ना."

ताटली माझ्यापुढे ठेवली, खुर्ची ओढून शेजारी बसला, चष्मा पुसला.

"चल, दाखव."